कॅम्पिंगचे सामान निवडताना आधी अंथरूण पाहावे

प्रश्न असा आहे: ‘आम्ही दोघे प्रथमच दोन रात्रींसाठी कॅम्पिंगला जाणार आहोत. मुक्कामाच्या जागेपर्यंत सामान पाठीवर घेऊन दोन-तीन तास चालावे लागेल. सामानाच्या ज्या याद्या हाती लागल्या त्यांत साठ-सत्तर वस्तू आहेत. त्या सगळ्या विकत घेणे परवडणार नाही आणि उचलवणारही नाही. खरोखर आवश्यक काय आहे, आणि पैसे कशावर खर्च करावेत?’

अशा याद्यांमधील वस्तू सहसा चुकीच्या नसतात. त्यांचा दोष एवढाच, की चमचा आणि स्लीपिंग बॅग यांना त्या एकाच रांगेत बसवतात. चमचा घरी राहिला तर हाताने खाता येते; स्लीपिंग बॅग अपुरी पडली तर रात्र कुडकुडत काढावी लागते आणि प्रसंगी जिवावर बेतते. त्यामुळे यादीतल्या प्रत्येक वस्तूपुढे ‘ही नसली तर किती बिघडेल’ हा प्रश्न मांडावा. मी बरीच वर्षे तंबूत मुक्काम करीत आलो आहे आणि नवख्या मंडळींना सोबत घेऊनही जातो. माझा अनुभव असा, की दिवस कसाही निभावतो; चालताना अंग गरम असते, उजेड असतो आणि चुकलेले सावरायला वेळ असतो. सामानाचा खरा कस उजाडण्यापूर्वीच्या दोन-तीन तासांत लागतो. म्हणून सामानाची निवड मी रात्रीपासून सुरू करतो आणि जमिनीपासून वर जातो: आधी अंगाखाली काय, मग अंगावर काय, मग डोक्यावर काय. नवखे लोक नेमके उलट करतात. सर्वांत मोठी आणि देखणी वस्तू म्हणून तंबू आधी घेतात, बहुतेक पैसे त्यावरच संपवतात, आणि मॅट उरलेल्या पैशांत बसेल ती उचलतात.

खरेदीला निघण्यापूर्वी एक आकडा हाती असायला हवा: मुक्कामाच्या जागी, त्या हंगामात, रात्रीचे तापमान किती खाली उतरू शकते. हवामानाचा अंदाज बहुधा जवळच्या गावाचा किंवा शहराचा असतो आणि तुमची जागा अनेकदा त्याहून उंचावर असते. दर १,००० मीटर उंचीला तापमान सरासरी ६.५ अंश सेल्सियसने घटते, असे धरून हिशेब करावा. याला एक अपवाद आहे आणि तो हमखास चकवतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री थंड झालेली हवा जड होऊन उतारावरून ओघळते आणि दरीच्या तळाशी साचते. अशा वेळी ओढ्याकाठची ती सपाट, मोहक जागा थोड्या उंचीवरच्या टेपाडापेक्षा बरीच गार पडते आणि दवही तिथेच अधिक जमते. अंदाजातून निघालेल्या आकड्यातून मी आणखी पाच अंश वजा करतो आणि उरलेला आकडा कागदावर लिहून ठेवतो. दुकानात विक्रेत्याचे बोलणे ऐकताना तो कागद खिशात असलेला बरा.

आता अंथरूण. स्लीपिंग बॅग ऊब निर्माण करीत नाही. तिच्या भरणात अडकलेली हवा तुमच्याच शरीराची उष्णता धरून ठेवते. अंगाखाली आलेले भरण वजनाने चेपले जाते, त्यातली हवा निघून जाते, आणि मग तुमची पाठ व जमीन यांच्यामध्ये चेपलेल्या कापडापलीकडे फारसे काही उरत नाही. जमीन मात्र रात्रभर उष्णता ओढत राहते. उत्तम बॅगेत झोपूनही ‘खालून गार लागले’ अशी तक्रार सकाळी ऐकू येते तिचे कारण हेच. मॅट मऊ असावी म्हणून घ्यायची ही कल्पना म्हणूनच सोडून द्यावी. मऊपणा हा तिचा दुय्यम गुण आहे.

मॅट उष्णतेला किती अडवते हे ‘आर-व्हॅल्यू’ या आकड्याने सांगतात. पूर्वी प्रत्येक उत्पादक तो आपापल्या पद्धतीने मोजत असे आणि दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवण्यात काही अर्थ नसे. २०१८ मध्ये एएसटीएम एफ ३३४० हे मोजमापाचे समान मानक आले, त्यामुळे आता तुलना करता येते. वेष्टनावर या मानकाचा उल्लेख आहे ना, एवढे पाहून घ्यावे. उबदार रात्रींसाठी १ ते २, शून्याच्या वर राहणाऱ्या थंड रात्रींसाठी ३ ते ४, आणि गोठलेल्या जमिनीवर किंवा बर्फावर ५ किंवा त्याहून अधिक, असा माझा ठोकताळा आहे. या आकड्यांची एक सोय अशी, की त्यांची सरळ बेरीज होते: २ ची मॅट ३ च्या मॅटखाली घातली तर एकूण ५ मिळतात.

फोमची साधी कॅरीमॅट, म्हणजे बंद छिद्रांच्या फोमची, साधारण २ च्या आसपास आर-व्हॅल्यू देते, वजनाला हलकी असते, स्वस्त असते आणि तिला काटा टोचला तरी काही होत नाही. तिचा तोटा म्हणजे आकार. ती सॅकच्या बाहेर बांधावी लागते आणि कडक जमिनीवर कुशीवर झोपणाऱ्याचे नितंब दुखतात. हवा भरायच्या मॅट छोट्या होतात, जाड असतात आणि आत उष्णतारोधक थर असेल तर चांगल्या उबदारही असतात. थर नसलेली, नुसत्या हवेची मॅट मात्र थंडीत फारशी कामाची नाही, कारण आतली हवा खेळती राहून उष्णता खाली पोहोचवते. एका कडाक्याच्या रात्री दोनच्या सुमारास माझी अशीच मॅट हळूहळू जमिनीला टेकली. छिद्र इतके बारीक होते की पाण्यात बुडवून बुडबुडे पाहिल्याशिवाय ते सापडणार नव्हते, आणि त्या वेळी, त्या थंडीत, ते काम शक्य नव्हते. रिकामी सॅक, गुंडाळलेला दोर आणि होते नव्हते ते कोरडे कपडे अंगाखाली पसरून मी सकाळ गाठली. तेव्हापासून थंडीत हवेच्या मॅटखाली पातळ फोम अंथरतो. तुमच्या पहिल्या सहलीची रात्र फार थंड नसेल तर एकट्या फोमच्या मॅटवर भागेल, आणि तो पैसा वाया जाणार नाही, कारण पुढे हवेची मॅट घेतलीत तरी ही तिच्याखाली कामी येते. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण इथे शब्दशः लागू पडते: मॅटची नेहमीची लांबी १८३ सेंटीमीटर आणि रुंदी ५१ सेंटीमीटर असते, तेव्हा उंच माणसाने दुकानातच आडवे होऊन पाहावे, संकोच करू नये.

पांघरुणाकडे वळू. स्लीपिंग बॅगवर छापलेल्या तापमानाने जितके लोक फसतात तितके दुसऱ्या कशानेही फसत नसतील. आयएसओ २३५३७ या मानकानुसार, आणि त्याआधीच्या ईएन १३५३७ या युरोपीय मानकानुसार, तापवलेल्या पुतळ्यावर चाचणी करून काही तापमाने ठरवली जातात, आणि त्यांतली तीन तुमच्या कामाची आहेत. पहिले ‘कम्फर्ट’: या तापमानाला सर्वसाधारण स्त्री आरामात झोपू शकते. दुसरे ‘लिमिट’: या तापमानाला सर्वसाधारण पुरुष अंग आखडून घेऊन, पण न गारठता, रात्र काढू शकतो. तिसरे ‘एक्स्ट्रीम’: यात माणूस सुमारे सहा तास तग धरेल एवढाच दिलासा आहे, आणि तोही शरीराचे तापमान घातक पातळीकडे घसरण्याचा व हातापायांना हिमदंश होण्याचा धोका पत्करून. बॅगेच्या नावातच मोठ्या अक्षरांत जो आकडा मिरवलेला असतो तो यांपैकी कोणता आहे हे विचारल्याशिवाय पैसे काढू नयेत. मी पहिल्या सहलीसाठी स्त्री असो वा पुरुष, ‘कम्फर्ट’ हाच आकडा धरायला सांगतो, आणि तो खिशातल्या कागदावरच्या आकड्याइतका किंवा त्याहून खालचा असावा. आणखी एक गोष्ट विसरली जाते: या चाचणीत पुतळ्याच्या अंगात पूर्ण बाह्यांचे आतले कपडे असतात आणि त्याच्याखाली चांगली मॅट असते. म्हणजे बॅगेवरचा आकडा खरा ठरायचा तर अंथरूण आधी नीट हवे.

भरण पिसांचे घ्यावे की कृत्रिम तंतूंचे, यावर पुष्कळ वाद झडतात. तितक्याच उबेसाठी पिसांची बॅग हलकी असते, लहान घडीत मावते आणि नीट सांभाळली तर अनेक वर्षे टिकते. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच याने फुग्याच्या कापडात आयडर बदकाची पिसे भरून कोट शिवून घेतला तेव्हा सहकाऱ्यांनी त्याची थट्टा केली होती. थंडीत तो कोट उत्तम ठरला. परंतु पिसे भिजली की त्यांचे गोळे होतात आणि ऊब जवळजवळ संपते. वाळायलाही फार वेळ लागतो. कृत्रिम भरण भिजल्यावरही थोडीफार हवा धरून राहते, लवकर वाळते आणि स्वस्त पडते, मात्र वजन व आकार वाढतो आणि दाबून ठेवल्याने काही वर्षांत ते बसते. दमट हवेत, पावसाची शक्यता असताना आणि खिसा बेताचा असताना पहिली बॅग कृत्रिम भरणाची घ्यावी, असे माझे मत आहे. कोणतीही घेतली तरी घरी ती दाबलेल्या पिशवीत ठेवू नये. मोठ्या सैल पिशवीत ठेवावी किंवा टांगून ठेवावी.

बॅग अंगाला फार सैल असली तर आतली रिकामी जागाही तुमच्याच शरीराला तापवावी लागते, आणि फार घट्ट असली तर भरण आतून चेपले जाते. झोपण्यापूर्वी काही खाल्लेले असले आणि लघवीला जाऊन आलेले असले, तर तीच बॅग अधिक उबदार भासते. रात्री बाहेर जावे लागेल या धास्तीने तहान मारून झोपणे मात्र चांगले नाही. झोपेचे कपडे वेगळे, कोरडे आणि फक्त झोपेसाठी राखून ठेवावेत. दिवसाच्या घामट कपड्यांत बॅगेत शिरणे म्हणजे ओल आत घेऊन झोपणे. कानटोपीही याच कपड्यांबरोबर असावी.

यानंतर तंबू. तो वारा, पाऊस आणि कीटक अडवतो. ऊब देण्याचे काम त्याच्याकडून फारसे अपेक्षू नये. पहिली गोष्ट आकाराची. ‘दोन माणसांचा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या तंबूची रुंदी पुष्कळदा १२० ते १३० सेंटीमीटर असते, म्हणजे ५१ सेंटीमीटरच्या दोन मॅट मांडल्या की सॅक ठेवायला जागा उरत नाही. सॅक बाहेरच्या पडवीत मावत असतील तर दोघांना तो पुरतो. अन्यथा तीन माणसांचा घ्यावा आणि जादा वजन दोघांत वाटून घ्यावे. तंबू घेताना पडवीकडे नीट पाहावे असे मी आवर्जून सांगतो. ओले बूट, भिजलेले रेनकोट आणि सॅक कोठे जातील याचे उत्तर मिळत नसेल, तर पावसात तो तंबू तुम्हाला छळणार.

कापड किती पाणी रोखते हे मिलिमीटरमध्ये लिहिलेले असते. कापडावर पाण्याचा स्तंभ उभा करून, तो किती उंच झाल्यावर पाणी आत झिरपू लागते, ते मोजून हा आकडा काढतात. वरच्या आवरणाला १,५०० मिलिमीटर ही मी किमान मर्यादा मानतो. तळाला त्याच्या दुप्पट तरी असावेत, कारण ओल्या जमिनीवर गुडघा टेकला की तेवढ्या जागी दाब फार वाढतो. तंबूच्या तळाखाली जादा प्लास्टिक अंथरायचे असेल तर ते तंबूच्या कडेबाहेर बोटभरही डोकावू देऊ नये. बाहेर आलेल्या पट्टीवर पावसाचे पाणी पडते आणि थेट तंबूखाली वाहत येऊन तळे साचते. ‘तंबू गळतो’ या तक्रारींतील बऱ्याच तक्रारींचे मूळ मला या प्लास्टिकच्या कडेत सापडले आहे.

उरलेल्या तक्रारींचे मूळ श्वासात असते. दोन माणसांच्या श्वासातून रात्रभरात पेलाभर तरी पाणी वाफ होऊन बाहेर पडते आणि थंड कापडावर दव बनून बसते. म्हणून आत जाळीचा तंबू आणि वर वेगळे आवरण असा दुहेरी तंबू नवख्यांना सोयीचा. दव बाहेरच्या आवरणावर जमते आणि अंगाला लागत नाही. गार वाटते म्हणून हवेच्या खिडक्या बंद केल्या की ओल वाढते, ओल्या बॅगेत अधिक गार वाटते, आणि मग माणूस आणखी घट्ट बंद करून घेतो. खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

दांडे ॲल्युमिनियमचे असावेत. फायबरग्लासचे दांडे स्वस्त असतात, पण थंडीत आणि वाऱ्यात चिरफळतात आणि त्यांच्या कुसळ्या बोटांत शिरतात. तंबूबरोबर आलेल्या तारेसारख्या खुंट्या बहुधा कामचलाऊ असतात. इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या छेदाच्या आठ-दहा मजबूत खुंट्या वेगळ्या घेणे हा थोड्या पैशांत होणारा मोठा बदल आहे. वाळूत किंवा बर्फात खुंटी धरत नाही. तिथे पिशवीत वाळू किंवा बर्फ भरून, तिला ताणदोर बांधून, ती आडवी पुरावी. नायलॉनचे कापड भिजल्यावर सैलावते, त्यामुळे पाऊस सुरू झाल्यावर एकदा बाहेर येऊन ताणदोर पुन्हा ओढावे लागतात. पॉलिएस्टर त्या मानाने कमी ताणते. वीज कडाडत असताना तंबू कोणतेही संरक्षण देत नाही हेही लक्षात असावे. एकटे झाड, डोंगराची धार आणि उघडे माळ टाळून जागा निवडणे एवढाच त्यावर उपाय आहे.

कपड्यांविषयी थोडक्यात: सुती कपडे घाम आणि पाणी शोषून घेतात आणि वाळत नाहीत, म्हणून थंडीत ते अंगालगत नकोत; लोकर किंवा कृत्रिम धाग्याचे असावेत. त्यावर ऊब देणारा एक थर, त्यावर वारा-पाऊस अडवणारा एक. पायमोज्यांचा एक जादा जोड. बदलायला रोज नवा शर्ट लागत नाही.

चुलीविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण तेथे चूक झाली तर ती महागात पडते. दोन रात्रींसाठी स्क्रूचे, गॅसच्या डब्यावर बसणारे छोटे स्टोव्ह सर्वांत सोपे. डब्यात कोणता वायू आहे ते वाचावे. साधा ब्युटेन सुमारे उणे अर्धा अंश तापमानाखाली वायुरूप होत नाही, म्हणजे गोठवणाऱ्या पहाटे तो स्टोव्ह पेटणारच नाही. आयसोब्युटेनचा उत्कलनबिंदू उणे १२ च्या आसपास आणि प्रोपेनचा उणे ४२ आहे. म्हणून थंडीत आयसोब्युटेन व प्रोपेन यांचे मिश्रण घ्यावे. अशा मिश्रणातील प्रोपेन आधी अधिक प्रमाणात जळतो, त्यामुळे अर्धा संपलेला डबा थंडीत मंदावतो. तो पेटवण्यापूर्वी जाकिटात घालून अंगाच्या उबेने गरम करावा, ज्योतीवर कधीही नाही. वारा नसताना एक लिटर पाणी उकळायला साधारण १२ ते १५ ग्रॅम गॅस लागतो. दोघांनी दोन दिवसांत आठ लिटर पाणी उकळले तरी सव्वाशे ग्रॅमच्या आत भागते, म्हणजे वारा व थंडी धरूनही २३० ग्रॅमचा एक डबा पुरेसा आहे. घरच्या वजनकाट्यावर डबा तोलून त्यावर उरलेले वजन लिहून ठेवण्याची सवय लावली की पुढच्या वेळी अंदाज बांधावा लागत नाही.

वाऱ्यापासून आडोसा करावा, पण डब्यावर बसणाऱ्या स्टोव्हला चारही बाजूंनी पत्र्याने वेढू नये. उष्णता डब्याकडे परतते आणि तो फुटू शकतो. आणि तंबूच्या आत स्टोव्ह पेटवू नये, मग बाहेर कितीही पाऊस असो. आगीचा धोका सर्वांना दिसतो. कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. तो रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, आणि डोके जड झाल्याचे जाणवेपर्यंत माणसाला उठून बाहेर पडण्याचे भान राहिलेले नसते. शिजवता येणार नाही अशी वेळ येऊ शकते हे धरून एका जेवणापुरते न शिजवता खाता येईल असे काहीतरी सोबत ठेवावे. विमानाने जाणार असाल तर गॅसचा डबा सामानात चालत नाही. तो पोहोचल्यावर घ्यावा लागेल.

पाण्याचे वजन लिटरला एक किलो असते, म्हणून वाटेत पाणी कोठे मिळते हे कळले तर सर्वांत जास्त ओझे तेथेच कमी होते. मिळालेले पाणी शुद्ध करण्याचा बिनचूक उपाय म्हणजे खळखळून उकळणे. एक मिनिट पुरते, आणि २,००० मीटरपेक्षा उंचावर, पाणी कमी तापमानाला उकळत असल्यामुळे, तीन मिनिटे. पोकळ तंतूंचे ०.१ किंवा ०.२ मायक्रॉनचे गाळणे जिवाणू आणि जिआर्डिया, क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवी अडवते, परंतु विषाणू त्यातून निसटतात. जिथे वरच्या अंगाला वस्ती आहे तिथे नुसत्या गाळण्यावर विसंबू नये. क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळ्या विषाणूंवर चालतात, पण क्रिप्टोस्पोरिडियमसाठी त्यांना चार तास द्यावे लागतात. एकदा वापरलेले गाळणे मी एका रात्री तंबूबाहेर विसरलो आणि ते गोठले. आतले पाणी बर्फ होताना तंतू फाटतात आणि बाहेरून काहीही दिसत नाही; पाणी पूर्वीसारखेच स्वच्छ गळत राहते. ते गाळणे फेकून द्यावे लागले. थंडीत गाळण्याची जागा स्लीपिंग बॅगेत, पायाशी.

उरलेल्या वस्तूंसाठी एक जुनी चौकट उपयोगी आहे. अमेरिकेतील सिॲटल शहराच्या ‘द माउंटेनियर्स’ या संस्थेने १९३० च्या दशकात डोंगरात जाणाऱ्यांसाठी दहा आवश्यक वस्तूंची यादी केली, आणि २००३ मध्ये तिची मांडणी बदलून दहा वस्तूंऐवजी दहा कामे ठरवली: दिशा, उजेड, उन्हापासून बचाव, प्रथमोपचार, दुरुस्ती, अग्नी, निवारा, आणि गरजेहून थोडे अधिक अन्न, पाणी व कपडे. हा बदल मला फार शहाणपणाचा वाटतो, कारण कामे डोळ्यांपुढे ठेवली की एकच वस्तू दोन कामे करते आहे का, आणि एखादे काम कोणाकडेच नाही असे तर झाले नाही ना, हे तपासता येते.

उजेडासाठी प्रत्येकाला स्वतंत्र हेडटॉर्च हवा. दोघांत एक ही काटकसर पहिल्याच अंधारात भांडण लावते. वेष्टनावरच्या तासांवर फार भिस्त ठेवू नये. एफएल १ या प्रचलित मानकात उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ मोजतात, त्यामुळे शेवटचे बरेच तास केवळ मिणमिणता प्रकाश असतो. बटण सॅकमध्ये आपोआप दाबले जाणार नाही अशी कळ असावी. मोबाइलची बॅटरी नकाशासाठी आणि संकटासाठी राखावी. तो विमान मोडवर ठेवावा आणि रात्री अंगाशी, कारण थंडीत बॅटरी लवकर उतरते. परिसराचा नकाशा आधीच उतरवून घ्यावा, आणि कागदी नकाशा व होकायंत्र वाचता येत असेल तर तेही न्यावे. वाचता येत नसेल तर त्यांचे ओझे व्यर्थ आहे. शिट्टी सॅकच्या पट्ट्याला बांधावी. एका पाठोपाठ तीन शिट्ट्या हा मदतीचा अनेक ठिकाणी ओळखला जाणारा संकेत आहे. जिथे मोबाइलची रेंजच नाही अशा दुर्गम भागात जाणाऱ्यांनी उपग्रहामार्फत संदेश देणाऱ्या साधनाचा विचार करावा, आणि सगळ्यांनीच आपण कोठे जात आहोत व केव्हा परतणार हे घरी लिहून ठेवावे.

प्रथमोपचाराची तयार पेटी घेतली तर ती उघडून पाहावी. त्यातली कित्येक साहित्ये तुम्हाला वापरता येत नाहीत आणि जी रोज लागतात ती कमी असतात. पायाला फोड येणे ही सर्वांत नेहमीची दुखापत, तेव्हा चिकटपट्टी भरपूर हवी, आणि बूट चावू लागताच, फोड येण्यापूर्वी, ती लावायला हवी. जखम बांधण्याचे साहित्य, ओआरएसची पाकिटे, वेदनाशामक आणि स्वतःची नेहमीची औषधे. दुरुस्तीच्या पिशवीत छोटा चाकू, सुई-दोरा, काही मीटर बारीक दोरी, काडीभोवती गुंडाळलेली रुंद चिकटपट्टी आणि तंबूच्या मोडलेल्या दांड्यावर चढवायची नळी. ही नळी बोटाएवढी असते आणि तिच्यामुळे माझे दोन मुक्काम वाचले आहेत. कीटकांसाठी डीट हे त्यांना दूर ठेवणारे रसायन असलेले मलम वापरणार असाल तर हात पुसल्याशिवाय तंबूला, चष्म्याला किंवा घड्याळाला लावू नका. ते काही प्लास्टिक आणि कृत्रिम कापडे विरघळवते. शौचासाठी एक हलके खुरपे, म्हणजे पाण्यापासून किमान साठ मीटर दूर, १५ ते २० सेंटीमीटर खोल खड्डा करता येतो.

हे सर्व ज्यात भरायचे ती सॅक शेवटी घ्यावी. सामान ठरण्याआधी घेतलेली सॅक एक तर अपुरी पडते, नाही तर मोठी असल्यामुळे नको ते गिळते. दोन रात्रींना ५० ते ६० लिटर पुरेशी. निवडताना तुमच्या उंचीपेक्षा पाठीची लांबी महत्त्वाची आहे: मान वाकवली की वर येणाऱ्या मणक्यापासून कंबरेच्या हाडांच्या वरच्या कडेच्या रेषेपर्यंत मोजावी. कंबरपट्टा हाडांवर बसला पाहिजे, पोटावर नव्हे, म्हणजे बहुतेक वजन खांद्यांऐवजी कंबर पेलते. दुकानात सॅकमध्ये आठ-दहा किलो वजन भरून पंधरा मिनिटे फिरून पाहावे. जड वस्तू पाठीलगत आणि मध्यभागी, स्लीपिंग बॅग तळाशी, रेनकोट सर्वांत वर. पावसाचे बाहेरचे आवरण वाऱ्याने उडते आणि पाठीच्या बाजूने पाणी शिरतेच. आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालून तिच्यात सामान भरणे अधिक भरवशाचे. भरलेल्या सॅकचे वजन शरीराच्या वजनाच्या एक-पंचमांशाच्या आत राहावे. त्याहून जास्त भरले तर खुर्ची, कुऱ्हाड, मोठा कंदील आणि तिसरे भांडे यांपैकी काहीतरी आत शिरले आहे असे समजावे.

तुमच्या पैशांच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे, तर अंथरूण, पांघरूण, बूट आणि हेडटॉर्च हे स्वतःचे व चांगले असावे. तंबू आणि सॅक पहिल्या दोन-तीन वेळा भाड्याने किंवा मित्राकडून आणावे, कारण आपल्याला कोणता तंबू हवा हे मुक्काम केल्यावरच कळते. उसना तंबू घरी आणून एकदा दिवसा आणि एकदा अंधारात, हेडटॉर्चच्या उजेडात, उभारून पाहावा. खुंट्या मोजाव्यात. शक्य असेल तर अंगणात किंवा गच्चीवर मॅट आणि बॅग घेऊन एक रात्र झोपावे; पाठीला काय टोचते, खालून गार लागते का, बॅगेची चेन अंधारात उघडते का, हे तेथे कळले तर दुरुस्तीला घर जवळ असते. परतल्यावर तंबू त्याच दिवशी उघडून पूर्ण वाळवावा. ओला गुंडाळलेला तंबू बुरशी धरतो, आणि सतत ओलीत राहिलेला कापडावरचा पॉलियुरेथेनचा लेप काही काळाने चिकट होऊन सुटू लागतो. तो आंबूस वास एकदा आला, की उसना तंबू असल्यास मित्राला नवा घेऊन द्यावा लागेल.